शिलकेचा अदमास

मोटारीच्या पुढच्या फळीवर वेग सांगणारे, अंतर मोजणारे आणि इंजिनाची उष्णता दाखविणारे जे काटे असतात ते घडून गेलेल्या किंवा त्या क्षणी घडत असलेल्या गोष्टीची वार्ता देतात. पेट्रोलचा काटा तेवढा शिल्लक सांगतो, आणि ज्यांचे बालपण सरकारी कचेरीच्या आसपास गेले त्यांना हे निराळे सांगावयास नको की हिशेबात शिलकेइतका नाजूक आकडा दुसरा नाही.

माझे वडील घाटमाथ्याकडच्या एका तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून होते. कचेरीच्या दिमतीला एक जीप असे आणि तिच्या चालकांना शिपायापासून मामलेदारांपर्यंत सारी कचेरी ‘मामा’ म्हणूनच हाक मारी. हे मामा पुढच्या काट्याकडे पाहत, परंतु त्यावर विसंबत नसत. फिरतीवर निघण्यापूर्वी ते जीप कचेरीपुढच्या सपाट आवारात आणून उभी करीत, टाकीचे झाकण काढीत, वेताची एक छडी तळाला टेकेपर्यंत सरळ आत सोडीत आणि झटक्यासरशी वर काढीत. कारण पेट्रोलची ओल डोळ्यांदेखत उडून जाते, आणि ती उडण्यापूर्वी जो खुणेशी ताडून पाहील त्यालाच ती वाचता येते. छडीवर त्यांनी चाकूने खाचा पाडलेल्या होत्या. रिकाम्या टाकीत एक माप ओतावे, छडी बुडवावी, ओल जिथवर चढेल तिथे खाच करावी, पुन्हा एक माप ओतावे, अशा क्रमाने ती छडी सिद्ध झालेली असल्यामुळे खाचांमधली अंतरे सारखी नव्हती. कुठे त्या दाटीने होत्या, कुठे विरळ. मी कारण विचारले तेव्हा मामा म्हणाले, “टाकी म्हंजी काय सरळ डबा न्हाई, बाळ. तिला पोट हाय.” द्रवाची उंची आणि द्रवाचे आकारमान या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एकीवरून दुसरी काढावयाची तर पात्राचा आकार ठाऊक असावा लागतो, हा पदार्थविज्ञानातला धडा मला शाळेच्या आधी त्या आवारात मिळाला.

त्याच कचेरीत भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास आणेवारीची, म्हणजे पिकाचा अंदाज ठरविण्याची, धांदल उडे. दशमान नाणी आल्यावर कागदोपत्री तिची पैसेवारी झाली, तरी लोकांच्या तोंडी आणेवारी हाच शब्द राहिला. उभ्या पिकाकडे पाहून ठरवावयाची ती नजर अंदाज, हंगाम पुढे सरकल्यावर करावयाची ती सुधारित, आणि निवडक शेतांतले पीक प्रत्यक्ष कापून, मळून, तोलून झाल्यावर जाहीर होते ती अंतिम. शेतसाऱ्याची तहकुबी, सूट, टंचाईची कामे अशा कित्येक गोष्टी त्या आकड्यावर लोंबकळत असल्यामुळे तो केवढा जोखमीचा आहे हे सर्वांना ठाऊक असे. आणि म्हणूनच तो कोणत्या दर्जाचा आहे, पाहून सांगितलेला की तोलून सांगितलेला, हे त्याच्या शिरावर स्वच्छ लिहिलेले असे. ‘नजर अंदाज’ ही अक्षरे गाळून आलेला तक्ता वडील पुढे पाठवीत नसत, मग तो कोणाच्याही सहीचा असो. मोटारींतल्या आकड्यांविषयी माझी जी एक तक्रार पुढे आयुष्यभर माझ्याजवळ राहिली, तिचे मूळ त्या तक्त्यांत आहे.

नोकरीला लागल्यावर मी जी स्कूटर घेतली तिला काटाच नव्हता. होता तो पेट्रोलचा कॉक. त्याच्या जागा तीन: बंद, चालू आणि रिझर्व्ह. टाकीच्या आत एक नळी उंच उभी असे आणि दुसरे तोंड तळाशी. उंच नळीच्या तोंडाखाली पेट्रोल उतरले की इंजिन आचके देऊ लागे, आणि मग वाकून कॉक फिरविला की तळाचे राखीव पेट्रोल मोकळे होई. जर्मनीची विख्यात फोक्सवॅगन बीटल गाडीही आपल्या तारुण्यात अशीच काट्यावाचून धावत होती. पायाजवळचा एक खटका फिरवून राखीव पेट्रोल घ्यावयाचे, हीच तिची रीत होती, आणि काटा तिच्यात आला तो १९६२ सालच्या नमुन्यापासून. मला ही व्यवस्था आजही आदरणीय वाटते. ती आकडा सांगत नाही, पाव-अर्धा सांगत नाही. एकदाच बोलते, परंतु जे बोलते त्याला अपवाद नसतो, कारण त्यात अनुमानाचा अंश नाही. नळीच्या उंचीइतके पेट्रोल खाली उरले आहे, ही केवळ भूमितीची साक्ष आहे.

पुढे संसार वाढला आणि स्कूटरची जागा एका जुन्या, दुसऱ्याच्या हातून आलेल्या मोटारीने घेतली. तिचा काटा एके दिवशी पाऊण टाकी असतानाही तळाशी जाऊन बसला, तेव्हा कराडच्या एका गॅरेजात त्याचे सारे अंतरंग मला पाहावयास मिळाले. मिस्त्रींनी टाकीवरचे गोल झाकण सोडवून आतले युनिट बाहेर काढले. एक वाकडी दांडी, तिच्या टोकाला पितळेचा पोकळ फ्लोट, आणि दुसऱ्या टोकाला, लहानशा पेटीत, बारीक तारेचे घट्ट वेटोळे. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट वरखाली होतो, तसा दांडीचा चिमुकला जिभेसारखा पत्रा वेटोळ्यावरून सरकतो, तारेची जितकी लांबी वाटेत येईल तितका विजेला अडथळा होतो, आणि त्या अडथळ्याच्या कमीजास्तीवरून काटा हलतो. मिस्त्रींनी फ्लोट कानाशी धरून हलविला आणि माझ्या हाती दिला. आत पेट्रोल डुचमळत होते. “पंक्चर झालाय, साहेब,” ते म्हणाले, “तरंगायचा सोडून बुडतोय.” सुईच्या अग्राएवढे छिद्र शोधावयास त्यांना बराच वेळ लागला. वेटोळे उजेडात धरले तर त्याचा मधला भाग झिजून चकचकीत झालेला होता, कारण टाकी बहुतेक काळ भरलेली किंवा रिकामी नसते, ती मध्येच कुठेतरी असते, आणि तो पत्रा वर्षानुवर्षे तेवढ्याच पट्ट्यावर घासत आलेला होता. म्हणजे ज्या मापाचा उपयोग सर्वांत अधिक, तेच माप आधी झिजते.

त्या काळच्या कित्येक गाड्यांत काट्यामागे द्विधातूची पट्टी असे. दोन निरनिराळे धातू एकमेकांना जोडलेले, त्यांच्याभोवती तापणारी तार. वीज जितकी अधिक तितकी उष्णता अधिक, आणि दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नसल्यामुळे पट्टी वाकून काट्याला ढकलते. हे काम सावकाश होते, आणि तोच त्यातला गुण आहे. खड्ड्यांतून जाताना टाकीतले पेट्रोल सारखे हिंदकळत असते. त्या प्रत्येक लाटेबरोबर काटा नाचू लागला तर तो वाचणार कसा? किल्ली फिरविल्यावर काटा जो संथपणे वर चढताना दिसे, ते त्या पट्टीचे तापणे होय. बॅटरीचा दाब कमीजास्त झाला की हिशेब चुकू नये म्हणून मागे एक दाब स्थिर राखणारे यंत्र बसविलेले असे. ते बिघडले की पेट्रोलचा आणि उष्णतेचा असे दोन्ही काटे एकाच दिशेने खोटे बोलू लागत, आणि जाणता मिस्त्री तेवढ्यावरून दोष कुठे आहे ते ओळखी.

परंतु सारे भाग निकोप असले तरी काटा जे सांगतो ते जसेच्या तसे सत्य नसते, आणि ते तसे नसावे अशीच योजना केलेली असते. टाकी गळ्यापर्यंत भरली की फ्लोट छताला टेकतो, आणि काही लिटर संपेपर्यंत तेथून हलत नाही. म्हणून फुल टाकीचा काटा बराच मार्ग स्तब्ध राहतो. मधल्या भागात टाकीच्या पोटाप्रमाणे तो कधी रेंगाळतो, कधी घाईने उतरतो. आणि शून्यावर टेकला तरी तळाशी काही पेट्रोल राखून ठेवलेले असते. वेगदर्शकाविषयी संयुक्त राष्ट्रांचा जो ३९ क्रमांकाचा नियम आहे त्यानुसार दाखविलेला वेग खऱ्या वेगाहून कमी असताच कामा नये, थोडा अधिक चालेल. चुकावयाचे तर माणसाच्या हिताच्या बाजूला चुकावे, हे त्यामागचे धोरण पेट्रोलच्या काट्यातही कोणत्याही सक्तीवाचून पाळले गेले आहे. त्याला कारणही बळकट आहे. डिझेलची गाडी कोरडी पडली की तिची नळी हवा धरते आणि ती हवा काढल्यावाचून इंजिन चालू होत नाही. आजच्या पेट्रोलगाड्यांत पंप टाकीतच बुडालेला असून भोवतालचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते, म्हणून तळ गाठण्याची सवय त्याच्या जिवावर बेतते. या हेतुपुरस्सर केलेल्या असत्याशी माझे भांडण नाही. शहाण्या गृहिणीने मासिक खर्चातून चार रुपये बाजूला ठेवावेत आणि ते कोणाला सांगू नयेत, त्यातलाच तो प्रकार.

माझे भांडण आहे ते काट्याच्या जागी आलेल्या अंकाशी. अलीकडच्या गाडीत ‘अजून इतके किलोमीटर’ असा अंक उजळतो. तो कसा निघतो हे समजून घेतले पाहिजे. इंजिनात पेट्रोलचा फवारा सोडणारी तोंडे किती क्षण उघडी राहिली हे गाडीतला संगणक मोजीत असतो, त्यावरून खर्च काढतो, त्यावरून गाडीचे ताजे अॅव्हरेज ठरवितो, आणि टाकीतल्या शिल्लक लिटरांना त्याने गुणतो. खर्चाचे हे माप पुष्कळच काटेकोर असते. परंतु शिल्लक लिटर पुन्हा त्या तरंगणाऱ्या फ्लोटकडूनच येतात. सुधारणा एवढीच की टाकीचा आकार लक्षात घेऊन कोणत्या उंचीला किती लिटर हा तक्ता, म्हणजे मामांच्या छडीवरच्या खाचाच, संगणकाच्या स्मृतीत उतरवून ठेवलेल्या असतात. एका अंदाजाला दुसऱ्या अंदाजाने गुणले जाते, आणि गुणाकार मात्र ठसठशीत पूर्णांकात समोर मांडला जातो.

चिपळूणहून कराडला येताना हे उत्तम रीतीने पाहता येते. पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढू लागलो की दीडशे दाखविणारा अंक वळणागणिक कोसळू लागतो. माथ्यावर हेळवाकला येईतो तो प्रत्यक्ष कापलेल्या मार्गाच्या कितीतरी पट उतरलेला असतो, कारण चढणीवरचा तो अवाढव्य खर्च गाडी पुढच्या सपाटीवरही गृहीत धरते. उलट दिशेने घाट उतरताना पाय उचललेला असतो, गाडी गिअरमध्ये असते, फवारे मिटलेले असतात, खर्च शून्य होतो. आणि टाकीत एका थेंबाची भर न पडता अंक वाढत जातो. भूतकाळ पुढे तसाच चालू राहील या एका गृहीतावर तो उभा आहे, आणि सह्याद्रीत ते गृहीत दर दहा मैलांनी मोडते. इंधनाचा दिवा लागल्यानंतर काही वेळाने कित्येक गाड्यांत अंक मालवतो आणि त्या जागी नुसत्या आडव्या रेघा उमटतात. ऐन गरजेच्या वेळी साथ सोडली म्हणून लोक त्यावर रागावतात. मला तर त्या यंत्राचे ते सर्वांत प्रामाणिक वचन वाटते.

काट्याची गोष्ट निराळी होती. त्याची जाडी, त्याचा संथपणा, पाव आणि अर्धा यांमधली मोकळी जागा यांतून तो आपण अदमास असल्याचे मुखाने न सांगता सांगत असे, आणि पाहणाराही त्याला तितकाच मान देई. ‘८७’ या अंकाला तशी काही लज्जा नाही. पेट्रोल पंपावर ग्राहकाला पाच लिटरचे माप मागून भरणा तपासता येतो, आणि त्यात २५ मिलिलिटरच्या पलीकडे तूट येऊ नये अशी मर्यादा घालून दिलेली आहे. तेच पेट्रोल नळीतून टाकीत उतरले की त्याची शिल्लक सांगणाऱ्या अंकाच्या चुकीला किती मुभा, हे गाडीच्या मालकाला कोठेही वाचावयास मिळत नाही.

माझ्या कन्येने पुण्यात विजेची गाडी घेतली, आणि हा प्रश्न संपण्याऐवजी अधिक गहन झाला. तिच्यात बुडविण्याजोगी छडी नाही, तरंगणारा फ्लोट नाही. बॅटरीत किती वीज उरली हे कोणत्याही उपायाने प्रत्यक्ष पाहता येत नाही. आत किती प्रवाह गेला, बाहेर किती आला याची खतावणी गाडी ठेवते, आणि रोजची सूक्ष्म चूक त्या खात्यात साचत जाते. बॅटरीच्या दाबावरून पडताळा घ्यावा, तर लोह-फॉस्फेटच्या बॅटरीचा दाब बहुतांश काळ जवळजवळ स्थिर राहतो, मग ती पाऊण भरलेली असो की पाव. म्हणून अशी बॅटरी अधूनमधून पूर्ण शंभर टक्के भरावी, म्हणजे खाते जुळते, असे मालकांना सांगितले जाते. गाडी विकताना जो पल्ला जाहिरातीत छापलेला असतो तो पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीतून आलेला असतो. तेथे गाडीची चाके रोलरवर फिरतात, वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, वातानुकूलन बंद असते. निरनिराळ्या गाड्यांची तुलना करावयास ते माप योग्यच आहे, पण वैशाखात, चार माणसे घेऊन, साताऱ्याकडे निघालेल्या कुटुंबाचे ते भविष्य नव्हे.

“बाबा, शंभर दाखवत असली तर मी ऐंशी धरते, आणि खंबाटकी यायची असेल तर सत्तर,” कन्या म्हणते. तिने कोणतीही आणेवारी पाहिलेली नाही, तरी अंकाच्या शिरावर गाळलेली दोन अक्षरे ती मनातल्या मनात लिहून घेते. परंतु प्रत्येक चालकाने हा संस्कार आपापल्या अनुभवातून, कधी रात्री अपरात्री, मिळवावा, असे का? संगणकाला घाट ठाऊक नाही असे आता राहिलेले नाही. त्याच्याजवळ नकाशा आहे, चढउतार आहेत, मागच्या कित्येक महिन्यांचा खर्च आहे. आपला अदमास किती किलोमीटरांनी चुकू शकतो हेही तो काढू शकतो, मग ते त्याने सांगितलेच पाहिजे. काही नव्या विजेच्या गाड्यांत मुख्य अंकाशेजारी कमाल आणि किमान असे दोन लहान अंक दाखवितात असे मी पाहिले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्या दोन अंकांमधले अंतर घाटात रुंदावावे आणि महामार्गाच्या सपाटीवर आक्रसावे, एवढीच भर मी त्यात घालीन. कन्येच्या गाडीत ती सोय नाही. पुढली घेण्याची वेळ येईल तेव्हा रंग आणि चाके पाहण्याआधी ते दोन अंक आहेत की नाहीत तेवढे पाहा, असे मी तिला आतापासूनच बजावून ठेवले आहे, आणि विक्रेत्याकडून लेखी घे, असेही.