वादळाच्या वाटेवरचं कासव

टिम समारासकडे कॉलेजची पदवी नव्हती. कोलोरॅडोत वाढलेल्या या मुलाला घरातली यंत्रं उघडून बघायचा नाद होता. हॅम रेडिओही चालवायचा. पुढे डेन्व्हरमध्ये तो स्फोटांच्या चाचण्यांसाठी उपकरणं बनवू लागला. काम अवघड होतं: सेकंदाच्या अगदी छोट्या तुकड्यात काय घडतं ते मोजायचं, आणि मोजणारं यंत्र स्फोटात टिकलंही पाहिजे. हीच विद्या त्याने नंतर टॉर्नेडोकडे वळवली.

त्याचं नाव मला माझ्या मुलाकडून कळलं. आम्ही ओक्लाहोमात, नॉर्मन गावात राहतो. इथे दर शनिवारी दुपारी बारा वाजता टॉर्नेडोचे भोंगे चाचणी म्हणून वाजतात. पाहुणे दचकतात, आम्ही पोळ्या लाटत राहतो. आपल्याकडचा वळीव पाहिलेल्या माणसाला पहिल्या वर्षी इथलं आभाळ ओळखीचं वाटतं. दुपारभर उकाडा, मग काळे ढग, मग गारा. पण इथे मेक्सिकोच्या आखातातून आलेली दमट हवा पश्चिमेकडच्या कोरड्या हवेला भेटते, आणि वर जावं तसतसा वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलत जाते. त्यामुळे अख्खा ढगच गरगर फिरू लागतो. अशा काही ढगांखाली टॉर्नेडो होतो.

मुलगा इथल्याच विद्यापीठात हवामानशास्त्र शिकतो. वीस वर्षांचा आहे. या वसंतात त्याला मित्रांबरोबर वादळांमागे जायचं होतं, आणि गाडी माझी हवी होती.

मी समारासबद्दल मिळेल ते वाचून काढलं. खरं सांगायचं तर मला त्यात बेफिकिरी शोधायची होती. ती सापडली असती, तर लेकासमोर फोन धरून "हे बघ" म्हणता आलं असतं.

सापडलं भलतंच. टॉर्नेडो मोजायची खरी अडचण जमिनीलगत आहे. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी वळते, त्यामुळे लांबच्या रडारला ढगाचा वरचा भाग दिसतो. मध्ये झाडं, घरं येतात ती वेगळीच. आणि माणसं राहतात ती खालच्या दहा मीटरांत. तिथला वारा आणि हवेचा दाब कळला तर घरं कशी बांधायची ते कळेल, इशारेही सुधारतील. इथे टॉर्नेडोचा इशारा सरासरी दहा-पंधरा मिनिटं आधी मिळतो, आणि दर चारांतले जवळपास तीन इशारे फुकट जातात. म्हणून लोक ते मनावर घेत नाहीत. आम्हीही कधी कधी घेत नाही.

समारासने पोलादी, बुटकं, शंकूसारखं उपकरण बनवलं. वजन वीसेक किलो. वारा त्यावरून घसरत जावा आणि त्याला आणखी खाली दाबावा, असा त्याचा उतार. लोक त्याला कासव म्हणायचे. टॉर्नेडोच्या वाटेत जायचं, कासव ठेवायचं आणि निघायचं. वर्षानुवर्षं बहुतेक वेळा टॉर्नेडो बाजूने निघून जायचा. मग 24 जून 2003 रोजी साउथ डकोटातल्या मँचेस्टर या छोट्या गावाजवळ तो थेट कासवावरून गेला. दाब 100 मिलीबारने कोसळला. मुंबईच्या किनाऱ्यावर उभं असताना मिनिटभराच्या आत बंगळुरूच्या उंचीवर जाऊन पोचल्यासारखं. इतकी मोठी घसरण तोवर कुणी मोजली नव्हती. त्या वादळात मँचेस्टर गाव मात्र उरलं नाही.

पुढे टीव्हीवरच्या मालिकेमुळे तो प्रसिद्ध झाला. तरी त्याच्या क्षेत्रातले लोक त्याला सावध माणूस म्हणूनच ओळखायचे. मला हेच नको होतं.

31 मे 2013. नॉर्मनपासून तासाभराच्या आत असलेलं एल रिनो. अकराच दिवसांपूर्वी आमच्या शेजारच्या मूर गावात टॉर्नेडोने 24 माणसं मारली होती, त्यामुळे त्या संध्याकाळी घाबरलेले कितीतरी लोक गाड्या घेऊन रस्त्यावर आले होते. एल रिनोचा टॉर्नेडो पावसाच्या पडद्याआड होता. तो वळला, वेगाने निघाला आणि फुगत फुगत सव्वाचार किलोमीटर रुंद झाला. एवढा रुंद टॉर्नेडो नोंदीत दुसरा नाही. त्याच्या पोटात छोटे भोवरे फिरत होते आणि त्यांचा वेग मुख्य वादळापेक्षा कितीतरी जास्त होता. त्यातलाच एक समारासच्या गाडीवर आला. समारास 55 वर्षांचा होता. सोबत त्याचा सहकारी कार्ल यंग आणि 24 वर्षांचा मुलगा पॉल. तिघेही गेले. त्या टॉर्नेडोने एकूण आठ जीव घेतले, आणि आठही जण गाड्यांत होते.

पॉलशी मी बराच वेळ अडकले. तो कॅमेरा सांभाळायचा. बापाबरोबर गेला होता. त्याच्या आईला त्या दिवशी काय वाटलं असेल, हे मी लिहिणार नाही. मला ते माहीत असण्याचं कारण नाही.

लेकाला विचारलं, "सावध माणूसही जातो, मग तुला कशाच्या भरवशावर पाठवू?"

तो म्हणाला, "आई, चेझिंगमध्ये जास्त धोका रस्त्यावरच असतो. ओला रस्ता, झोप, गर्दी. आणि एल रिनोमुळेच आम्हाला काय कळलं, ते तू वाचलंस का?"

ते मी नंतर वाचलं. त्या संध्याकाळी तिथे असलेल्या कितीतरी चेझर्सचे व्हिडिओ संशोधकांनी गोळा केले. हे काम पुढे नेणारा अँटन सायमन हा समारासचा जुना सहकारी. प्रत्येक कॅमेऱ्याचं घड्याळ वेगळं, पण वीज सगळ्यांसाठी एकाच क्षणी चमकते. त्या चमका जुळवून व्हिडिओ एका वेळेवर आणले आणि जवळच्या फिरत्या रडारच्या नोंदींशी ताडून पाहिले. टॉर्नेडो ढगातून खाली उतरतो, असं मानलं जायचं. इथे मात्र जमिनीलगतचं फिरणं वरच्या फिरण्याच्या आधी सुरू झालेलं दिसलं. म्हणजे रडार वर बघत बसलं तर सुरुवात निसटू शकते. ज्या खालच्या थरासाठी समारास कासवं घेऊन फिरला, तिथेच उत्तर होतं.

मी किल्ली दिली, पण अटींवर. अंधार पडला की परत. टॉर्नेडो पावसाआड गेला की पाठलाग बंद. निसटायला मोकळा रस्ता नसेल तिथे थांबायचं नाही. गाडी चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही, रडार शेजारच्याने बघायचं. लोकेशन सुरू ठेवायचं. अटी त्याला आधीच पाठ होत्या. शेवटची तेवढी माझी.

मे महिन्यात तो तीनदा गेला. एकदा सात तास गाडी चालवून हाती लागलं ते गॅस स्टेशनवरचं सँडविच आणि बॉनेटवर गारांचे चार पोचे. टॉर्नेडो झालाच नाही. दुसऱ्यांदाही नाही. मी फोनवर निळा ठिपका बघत स्वयंपाकघरात उभी असायचे, आणि काहीच न घडल्यावर देवाचे आभार मानायचे.

मग शनिवारी बारा वाजता भोंगा वाजतो. हा खरा असता तर माझ्याकडे दहा मिनिटं असती, की पंधरा? ती मिनिटं वाढवायला कुणाचं तरी पोर त्या रस्त्यावर जाणारच. ते माझं नसावं, असं मला अजूनही वाटतं. गाडीचा विमा मात्र मी वाढवून घेतला आहे.