चार बोटे खाली

माझे वडील पिकअप चालवतात. हंगामात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरायचे, रात्री माळशेज घाट उतरायचा आणि पहाटे वाशी गाठायची, हा त्यांचा नेम. त्यामुळे पिकअप म्हणजे ओझे वाहणारे जनावर, एवढीच माझी लहानपणापासूनची समजूत. ओझे वाढले की पाट्यांत आणखी एक पाटा चढवायचा आणि गाडी उंच करायची, हे मी कितीदा तरी पाहिले आहे. पण कोणी पदरचे पैसे घालून आपला पिकअप मुद्दाम खाली बसवून घेतो, हे मला कोणी सांगितले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते.

गेल्या मे महिन्यात आत्याने तिकीट पाठवले म्हणून मी कॅलिफोर्नियातील सॅन होजे या शहरी दोन महिने राहून आलो. अमेरिकेहून आलेल्या माणसाने पूल, दुकाने आणि रुंद रस्ते यांचे वर्णन करावे अशी अपेक्षा असते. ते सर्व मी पाहिले. पण मनात राहिला तो आत्याच्या शेजारच्या अंगणातला एक जुना पिकअप.

शेजारी मेक्सिकन वंशाचे एक आजोबा राहत. सारा जन्म त्यांनी गॅरेजात काढला होता. त्यांचा नातू माझ्याच वयाचा. सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी एका दुकानात नोकरी. त्याने जुना शेव्हरोले एस-१० पिकअप विकत घेतला होता आणि तो त्याला तीन इंच, म्हणजे आपल्या मापाने चार बोटे, खाली आणायचा होता. त्यासाठी गाठीला होते चारशे डॉलर.

“पण का?” मी न राहवून विचारले.

उत्तर आजोबांनी दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वस्त्यांत जुन्या मोटारी स्वस्तात मिळू लागल्या. इतर पोरे इंजिन वाढवून वेगाने पळवायची. यांनी उलट केले. डिकीत वाळूची पोती टाकून गाडी जमिनीलगत आणायची आणि रविवारी सगळ्या वस्तीला दिसेल अशी हळूहळू फिरवायची. पैसा नव्हता, पण ऐट होती. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. १९५९ मध्ये रॉन अगिरे नावाच्या तरुणाने वडिलांच्या मदतीने विमानांतले जुने हायड्रॉलिक पंप आपल्या मोटारीला बसवले. बटण दाबले की गाडी खाली, पोलीस दिसले की वर! पुढे १९७७ साली याच सॅन होजेमध्ये विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी या गाड्यांना वाहिलेले ‘लोरायडर’ मासिक काढले. हे ऐकून मला आपले वार्षिक आणि वर्गणी मागत फिरणारे संपादक मंडळ आठवले. अशा गाड्या रस्त्यावर फिरवण्यावरची बंदी या शहराने २०२२ मध्ये उठवली, आणि १ जानेवारी २०२४ पासून राज्यभर ती बंदी आणि तो १९५८ चा नियम दोन्ही गेले. “पासष्ट वर्षे लागली,” आजोबा म्हणाले.

तेव्हा चार बोटे खाली येण्यात एवढे सगळे होते. नातवाला घाई का होती तेही मला कळले. तीन आठवड्यांनी रविवारी अशा गाड्यांचा मोठा मेळा होता.

त्याचा बेत सोपा होता. मित्राकडची गॅसची बत्ती आणायची, पुढच्या स्प्रिंगा तापवायच्या; पोलाद मऊ पडले की गाडी आपोआप खाली बसते. अर्ध्या तासाचे काम, खर्च शून्य. आजोबांनी बत्ती अंगणात येऊच दिली नाही. “स्प्रिंगेला पाणी दिलेले असते,” ते म्हणाले. “तापवलीस की ते पाणी उतरले. आज सारखी बसेल, उद्या एक बाजू जास्त बसेल, आणि एक दिवस भर रस्त्यात तुटेल. ही काटकसर नव्हे, ही उधारी आहे. फेडायची वेळ तू ठरवणार नाहीस.”

मग त्यांनी एका कागदावर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला जिथे पैसे वाचवायचे ते: मजुरी आपली, स्प्रिंग दाबण्याचे अवजार दुकानातून अनामत ठेवून आणायचे, रंग, चाके, आतली गादी सगळे जुनेच. दुसऱ्या बाजूला जिथे एक डॉलरही वाचवायचा नाही ते: पुढे कमी उंचीच्या तयार स्प्रिंगा, मागे लोखंडी ठोकळे आणि त्यांच्याबरोबर नवे लांब यू-बोल्ट, आखूड मापाचे शॉक अॅब्सॉर्बर आणि शेवटी चाकांचे अलाइनमेंट. बेरीज चारशेच्या बरीच वर गेली. “मग मेळा?” नातवाने विचारले. “मेळा पुढच्या वर्षीही आहे,” आजोबा म्हणाले. दोन दिवस आजा-नातवाचे बोलणे बंद होते. तिसऱ्या दिवसापासून पोरगा दुकानात जादा पाळी करू लागला. तो मेळा त्याने रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिला. मी शेजारी होतो. त्याच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हते.

त्यानंतरच्या शनिवारी काम सुरू झाले. चाकांना अडसर लावले, गाडी जॅकने उचलली आणि घोड्यांवर ठेवली. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरायचे नाही, हा पहिला नियम. या गाडीला मागचे पाटे अॅक्सलच्या खालून जातात. त्या दोहोंच्या मध्ये ठोकळा बसवला की अॅक्सल वर सरकतो आणि गाडी तेवढी खाली येते. ठोकळा एकच, एकावर एक रचायचे नाहीत. त्याची पिन बरोबर भोकात बसली की नाही हे आजोबांनी बोटाने चाचपून पाहिले. पुढच्या स्प्रिंगेत दाब कोंडलेला असतो. ती निसटली तर माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून ती अवजारात दाबून धरल्याशिवाय मोकळी करायची नाही. नंतर ब्रेकचे रबरी पाइप कोठे ताणले तर जात नाहीत ना, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कोठे घासत नाही ना, हेड-लाइटचा झोत नीट पडतो ना, हे सर्व तपासले. शंभर मैल चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले. गाडी देखणी दिसू लागली, पण टणक झाली. “आता हिच्यात जड ओझे भरायचे नाही,” आजोबांनी बजावले. आपल्याकडे कोणाला हा मोह झालाच, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आधी वाचावे. नोंदणीपुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार त्यात मना आहे.

त्याच रात्री वडिलांचा फोन आला. हंगाम तोंडावर होता आणि पाटा वाढवण्याचा विचार चालला होता. मी धीर करून म्हणालो, “बाबा, पाट्याने गाडी उंच राहील. पण ब्रेक तेच, टायर तेच, अॅक्सल तोच. पुस्तकात लिहिलेले वजनही तेवढेच राहणार.”

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “एका खेपेला दहा क्रेट कमी भरले, तर गाडीचा हप्ता तू भरणार का?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजोबांपाशी मेळ्याला ‘पुढच्या वर्षी’ असे उत्तर होते. हप्त्याला पुढचे वर्ष नसते.

घरी आल्यावर मात्र मी वडिलांसमोर एक कागद ठेवला आणि मधोमध रेघ ओढली. ते हसले, पण शेजारी बसले. डाव्या बाजूला काय वाचवता येईल ते आईने सांगितले, आणि ती यादी आम्हां दोघांना वाटली त्याहून लांब निघाली. उजव्या बाजूला वडिलांनी स्वतः लिहिले: ब्रेकचे लायनर, मागचे दोन टायर. पाट्याचे पैसे त्यात गेले. खेपेला क्रेट कमी भरले जातात. ती तूट पुरी पडावी म्हणून मी कॉलेज सुटल्यावर बाजारात एका आडत्याकडे काट्यावर बसतो. हिशेब अजून पुरता जुळत नाही, आणि महिनाअखेर घरात त्यावरून बोलणे होतेच. तो कागद आईने पंचांगात ठेवला आहे. हप्ता भरायच्या दिवशी वडील तो काढतात, वाचतात आणि परत ठेवतात.