आंबोलीचा बेडूक घरी आणल्यावर जेवत का नाही?

पावसाळ्यात सावंतवाडीहून बेळगावकडे जाणाऱ्या घाटात धबधब्यासाठी गाड्यांची रांग लागते. तुम्हीही जाल, चिंब भिजाल, गरम भजी खाल आणि परत फिराल. पण जमलं तर आंबोलीत एक रात्र मुक्काम करा. सुमारे ७०० मीटर उंची आणि वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. अंधार पडला की या गावात चारी बाजूंनी बेडूक बोलू लागतात.

गावातला जाणकार वाटाड्या सोबत घ्या आणि टॉर्च घेऊन निघा. जांभ्या दगडाच्या सड्यावर, बोटभर पाण्याच्या डबक्याशी कदाचित पिवळ्या पट्ट्यांचा छोटासा भेक दिसेल. २००९ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं, तेही वाघाच्या पट्ट्यांवरून: झँथोफ्रायनी टायग्रिना. आंबोली आणि आसपासचा परिसर सोडला तर तो जगात कुठे आढळत नाही. डबक्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचा गोळा दिसला तर ते मलबार उडत्या बेडकाचं घरटं समजा. त्यातली पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात.

मोह होतो तो इथेच. मुलं हट्ट धरतात आणि पाण्याच्या बाटलीतून एखादा बेडूक घरी येतो. दोन दिवस कौतुक होतं. तिसऱ्या दिवशी प्रश्न येतो, "आई, हा काहीच खात का नाही गं?"

कारण बेडकाला हलणारं भक्ष्यच कळतं. भाताचं शीत किंवा मेलेली माशी त्याच्या लेखी खाणं नव्हेच. तो बहुतेक वेळा रात्री शिकार करतो आणि आपण दिवा लावून त्याच्याकडे बघत बसतो. पाणी तो तोंडाने पीत नाही, कातडीतून शोषतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या कातडीला सोसत नाही. त्यात कोरडी हवा, गोंगाट आणि भीती. अशात भूक कुठून लागणार?

असा पाहुणा आधीच घरी आला असेल तर त्याला हवेशीर खोक्यात, ओल्या पानांवर, अंधाऱ्या गार जागी ठेवा. एक दिवस उघडं ठेवलेलं पाणी उथळ ताटलीत द्या. साबण किंवा डासांचं मलम लागलेल्या हातांनी त्याला धरू नका. तोंड उघडून काही भरवू नका. घरामागच्या नाल्यातही सोडू नका. तो तिथे तगेलच असं नाही आणि त्याला रोग असेल तर तिथल्या बेडकांनाही होईल. कालच उचलला असेल तर जिथून आणला तिथेच नेऊन सोडा. बरेच दिवस झाले असतील तर आधी वनखात्याला किंवा प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारा.

पावसाळा हाच यांचा विणीचा काळ. बाटलीत एक मादी गेली की तिची अंडी त्या डबक्यात पडतच नाहीत. म्हणून टॉर्च क्षणभरच मारा, दगड उलथू नका आणि रात्री घाटात गाडी हळू चालवा, कारण बेडूक रस्ता ओलांडत असतात.

मुलांना काही न्यायचंच असेल तर त्या रात्रीचं डराव डराव मोबाइलमध्ये भरून न्या. त्याला खाऊ घालावं लागत नाही.