सोलापुरात इंजिन बांधताना

सोलापूरला पाहुणे आले की आम्ही त्यांना सिद्धेश्वराचा तलाव दाखवतो, भुईकोट किल्ल्यात फिरवून आणतो आणि परतताना चादरी-टॉवेल घेऊन देतो. हैदराबाद रोडला मार्केट यार्डाच्या आसपास, जिथे रस्त्याची कडा सांडलेल्या तेलाने काळी झाली आहे, तिकडे मात्र कोणाला नेत नाही. तिथे बघण्यासारखे काय? लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेले एक्सल, डिझेलच्या डब्यात बुडवलेले गिअर आणि दिवसभर चालणारी घणाची ठोकाठोक. पण २०२२ च्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत आम्हा दोघा भावांचे बहुतेक रविवार तिथेच गेले. त्या भागातली पुष्कळ गॅरेजे जुम्म्याला बंद आणि रविवारी उघडी असतात, ते आमच्या पथ्यावर पडले.

काम होते अब्बांचा ट्रक बांधायचे. गॅरेजच्या भाषेत इंजिन दुरुस्त करत नाहीत, 'बांधतात'. आधी पूर्ण खोलायचे, मग बांधायचे.

ट्रक १९६७ सालचा, टाटा-मर्सिडीज. टेल्को कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले. १९६९ मध्ये तो करार संपला. त्यापूर्वीच्या गाड्यांच्या जाळीवर तीन टोकांचा तारा असे, नंतर त्या जागी टाटांचा 'टी' आला. आमच्या गाडीवर तारा आहे. अब्बांनी ती १९७४ मध्ये जुनी म्हणून घेतली आणि पंचवीस-एक वर्षे चालवली. सोलापूर तेव्हा गिरण्यांचे गाव होते. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांचे भोंगे वाजत होते. रुईच्या गाठी यायच्या, कापड जायचे. सोलापूरहून वाटाही किती फुटतात! पुणे, हैदराबाद, विजापूर, तुळजापूरमार्गे बीड-औरंगाबाद, अक्कलकोटमार्गे गुलबर्गा. अब्बा घरी असण्यापेक्षा या वाटांवर जास्त असत. आम्ही लहानपणी त्यांना ओळखायचो ते कोपऱ्यावर गिअर पाडताना होणाऱ्या आवाजावरून.

मग १९९८ साल उजाडले. आमच्यातला थोरला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, नवा परवाना खिशात होता. तुळजापूरच्या घाटात, भरल्या गाडीसह, ऑइल प्रेशरची सुई शून्यावर आली. ती सुई त्याआधीही तीन-चारदा अडकली होती आणि काचेवर टिचकी मारली की उठायची. थोरल्याने टिचकी मारली. सुई उठली नाही. मीटरच बिघडला असेल असे समजून त्याने गाडी घाट संपेपर्यंत ओढली. वर पोचता पोचता इंजिनातून हातोडा मारल्यासारखा आवाज आला आणि सगळे थांबले. खाली बघितले तर तेलाची नळी फुटून चेंबर रिकामा झाला होता.

अब्बा दुसऱ्या गाडीने तिथे आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "चलो, घर चलो." त्यानंतर या विषयावर ते एक शब्दही बोलले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते, असे थोरला अजून म्हणतो. त्याच वर्षी बहिणीचे लग्न ठरले होते, इंजिनासाठी पैसे नव्हते. गिरण्यांची कामेही सरत चालली होती. ट्रक मंद्रूपच्या पुढे आमच्या शेतात लिंबाखाली नेऊन उभा केला, तो चोवीस वर्षे तिथेच राहिला. कोंबड्या हौद्यात अंडी घालू लागल्या.

२०२१ च्या पावसाळ्यानंतर भंगारवाला आला. किलोवर भाव सांगितला, आकडा वाईट नव्हता. त्या वर्षी आम्ही घरावर एक खोली चढवण्यासाठी पैसे साठवत होतो. अम्मीचे म्हणणे स्पष्ट होते : "लोखंड विका, खोली बांधा. चार लेकरं एका खोलीत अभ्यास करतात." तिचे काही चुकत नव्हते. पण अब्बा त्या दिवशी जेवले नाहीत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, उठून लिंबाखाली जाऊन बसला.

आम्ही आधी कायदा बघितला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या, 'व्हिंटेज' वाहनांसाठी नियम आणले होते : पन्नास वर्षांवरच्या गाडीला वेगळी नोंदणी, वेगळी नंबरप्लेट. आम्हाला वाटले, आपली चोपन्न वर्षांची आहे, काम झाले. नीट वाचले तेव्हा कळले की ती सवलत खासगी वापराच्या दुचाकींना आणि मोटारींना आहे, मालवाहू ट्रकला नाही. म्हणजे हौसेने जपलेली श्रीमंताची मोटार वारसा ठरते आणि ज्या गाडीने देशाचा माल वाहिला ती भंगार! आमचे हे मत आम्ही अजून बदललेले नाही. नॅशनल परमिटचा तर प्रश्नच नव्हता, ते साध्या ट्रकला बारा वर्षांपर्यंतच मिळते. थोडक्यात, गाडी बांधली तरी धंद्याला लागणार नव्हती. कमाई शून्य.

तरीही बांधायचे ठरले. खोली एक वर्ष पुढे ढकलली. अम्मी आठ दिवस आमच्याशी तुटक बोलत होती.

क्रेनने ओढून गाडी सोलापूरला आणली. आमचे उस्ताद सत्तरीचे आहेत, अब्बांना 'भाईजान' म्हणतात. त्यांनी हेड उतरवले, चेंबर काढला, पिस्टन खालून-वरून ठोकून बाहेर काढले. सहा सिलिंडर, साडेचार लिटरपेक्षा थोडे मोठे इंजिन. चौथ्या रॉडचे बेअरिंग फिरून वितळून क्रँकला चिकटले होते. बाकी वरचे काम त्यांना अवघड वाटले नाही. झिजलेल्या लायनर काढून नव्या दाबून बसवायच्या, बोअर करून होनिंग मारायचे, वॉल्व्ह पेस्ट लावून सीटवर घासायचे, मग हेड उलटे करून त्यात रॉकेल ओतायचे. रॉकेल झिरपले नाही तर वॉल्व्ह बसला.

पहिल्याच रविवारी आम्ही मोठा गोंधळ घातला. मदत म्हणून सगळे रॉड आणि त्यांच्या कॅप डिझेलमध्ये धुतल्या आणि उन्हात ओळीने मांडून ठेवल्या, सहा रॉड एकीकडे, सहा कॅप दुसरीकडे. उस्तादांनी पाहिले आणि कपाळावर हात मारला. रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात एकत्र बांधून एकाच वेळी आतून घासलेली असतात. एकाची कॅप दुसऱ्याला लावली तर भोक गोल राहत नाही, बेअरिंग काही दिवसांत जाते. "मियां-बीवी हैं ये," ते ओरडले, "तुमने सबका तलाक करा दिया!" पोरे हसली. शेवटी कडेला चिकटलेला कोळसा तारेच्या ब्रशने घासल्यावर ठोकलेले नंबर दिसले आणि जोड्या जमल्या. त्यानंतर आम्हाला फक्त चहा आणायला लावले गेले.

खरा प्रश्न क्रँकचा होता. क्रँकवर ओरखडे आले की तो ग्राइंडिंग मशीनवर घासून थोडा बारीक करतात आणि तेवढेच जाड बेअरिंग घालतात. याचे ठरलेले टप्पे आहेत. गॅरेजमध्ये त्यांना दहा, वीस, तीस, चाळीस म्हणतात, म्हणजे इंचाचे तेवढे हजारावे भाग. दहा म्हणजे पाव मिलिमीटर, चाळीस म्हणजे एक मिलिमीटर. आमचा क्रँक अब्बांच्याच काळात तीसवर जाऊन आला होता. आता एकच पायरी उरली होती. चाळीसवर चौथी पिन स्वच्छ झाली तर ठीक, ओरखडा उरला तर क्रँक बाद. दुसरा कुठून आणायचा? असल्या गाड्या कापून केव्हाच वितळल्या.

ग्राइंडिंगवाल्याने आधी तडा बघितला. क्रँक रॉकेलने भिजवला, कोरडा पुसला, वरून खडूची पूड चोळली आणि वाट बघितली. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. रेघ आली नाही. मग क्रँक मशीनवर चढला. पाण्यात कालवलेल्या तेलाची धार, दगडाची ठिणगी, आणि दर थोड्या वेळाने मायक्रोमीटर. पस्तीस झाले, ओरखडा होता. अडतीस झाले, नख फिरवले तर अडकत होते. थोरला दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. सोलापूर हे असे अजब गाव आहे : चिंचोळीच्या एमआयडीसीत तयार झालेले कॅमशाफ्ट परदेशी मोटारींत जाऊन बसतात, आणि इथे एका पत्र्याच्या शेडमध्ये केसाच्या जाडीपेक्षा कमी लोखंडावर आमचा जीव टांगला होता. ग्राइंडिंगवाल्याने शेवटचा हात फिरवला, पिन पुसली आणि धाकट्याचे बोट धरून तिच्यावर ठेवले. गुळगुळीत. बरोबर चाळीस. "इसके आगे कुछ नहीं," तो म्हणाला. "अब तेल का ध्यान रखना."

एप्रिलमध्ये रमजान आला आणि काम मंदावले. सोलापूरचा एप्रिल, पत्र्याचे छप्पर आणि रोजा. उस्तादांची पोरे फजरनंतर लगेच कामाला लागत आणि दुपारी बारापर्यंत हातातले पाने ठेवून देत. लोखंडाला हात लावला तर चटका बसायचा. इफ्तारनंतर तासभर पुन्हा दिवे लागत. त्या महिन्यात गिअर बॉक्स आणि मागचे हौसिंग झाले.

या जुन्या गिअर बॉक्समध्ये आजच्यासारखी सोय नाही. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो : एकदा न्यूट्रलला आणताना आणि मध्ये इंजिनाचा वेग जुळवून पुन्हा एकदा. चुकले की दात खरडतात. आमच्या बॉक्सचे दात मात्र जवळजवळ शाबूत निघाले. उस्तादांनी दुसरा आणि तिसरा गिअर उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "भाईजानचा हात." दोन बेअरिंग आणि ऑइल सील बदलली, एवढेच. जॉइंटचे क्रॉस नवे टाकले. क्राउन आणि टेल पिनियनची जोडी तीच ठेवली. तिच्या दातांवर रंग लावून चाक हाताने फिरवतात आणि रंग कुठे पुसला गेला ते बघतात. खूण दाताच्या मधोमध यायला हवी. टोकाला आली तर गाडी रडते. बारीक पत्र्याच्या चकत्या कमी-जास्त करत तीन संध्याकाळी गेल्या, तेव्हा कुठे खूण मधोमध आली.

डिझेल पंप आणि नोझल पंपवाल्याकडून तपासून आले. टायमिंगच्या गिअरांवरच्या खुणा समोरासमोर बसल्या. ३ मे रोजी ईद झाली आणि त्या आठवड्याच्या रविवारी आम्ही अब्बांना गॅरेजमध्ये घेऊन गेलो. त्यांनी ईदचाच कुर्ता घातला होता, अम्मी नको म्हणत असताना.

उस्तादांनी थोरल्याला सीटवर बसवले. डिझेल बंद ठेवून नुसता सेल्फ मारायचा, आधी तेल वरपर्यंत चढू द्यायचे. इंजिन कण्हत फिरले. सुई हलली नाही. पुन्हा फिरवले, तशीच. थोरल्याचा हात आपोआप काचेकडे गेला, टिचकी मारायला. तोच अब्बा खालून म्हणाले, "मारू नकोस. थांब."

चोवीस वर्षांनंतर त्या विषयावर ते बोलले ते एवढेच. तिसऱ्या वेळी सुई थरथरली आणि हळूहळू वर चढली. मग डिझेल उघडले, हीटर प्लग तापू दिले आणि इंजिनाने दोन-तीन ठोके गिळून, पांढऱ्या धुराचा एक मोठा लोट सोडून, धडधडायला सुरुवात केली. अब्बांनी मडगार्डवर हात ठेवला होता. त्यांना आता कमी ऐकू येते, हाताने ऐकत असावेत. थोरला खाली उतरला तो चेहरा दुसरीकडे करूनच, आणि आम्ही त्याला काही विचारले नाही.

रस्त्यावर चालवायला कागद नाहीत, म्हणून गाडी ट्रेलरवर चढवून मंद्रूपला नेली. ट्रकवर चढलेला ट्रक बघायला विजापूर रोडवर लोक थांबत होते. शेतात उतरवल्यावर अब्बा स्वतः बसले. पहिला, दुसरा, आणि बांधाजवळ तिसरा टाकताना क्लच दोनदा दाबला. कुठेही दात वाजला नाही. नातवंडे हौद्यात उड्या मारत होती. अम्मीला खूप बोलावले, ती चढली नाही, पण खोलीचे काम कधी सुरू करणार, हे मात्र हसत विचारले. त्या हिवाळ्यात खोली झाली.

मागच्या सीलमधून अजून थोडे तेल गळते. उस्ताद म्हणाले होते की पहिले तेल पाचशे किलोमीटरला बदला. शेताला एक फेरी घातली तर अर्धा किलोमीटरही भरत नाही. अब्बांनी एक वही केली आहे आणि रोज आटोपल्यावर तिच्यात फेऱ्या लिहून ठेवतात.