इंजिनाच्या गावातल्या इमारती

कोथरूडच्या माणसाला ‘कमिन्स’ समजावून सांगावं लागत नाही. कुणाचा काका तिथून रिटायर झालेला, कुणाची बहीण कमिन्स कॉलेजात. त्याच कमिन्सचं मूळ गाव म्हणजे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं कोलंबस. मावसभाऊ तिथे ऑनसाइट, म्हणून मी गेले. इंडियानापोलिसहून तासाभराचा रस्ता, दोन्हीकडे मक्याची शेतं. म्हटलं, चार दिवस नुसतं बोअर होणार!

गाव जेमतेम पन्नास हजारांचं. पण इमारती बघा. एलिएल सारिनेनचं 1942चं फर्स्ट ख्रिश्चन चर्च: ना घुमट, ना नक्षी, शेजारी विटांचा सरळसोट 166 फुटी टॉवर. त्याचा मुलगा ईरो. त्यानं 1954 मध्ये बांधलेली बँक मला सगळ्यात आवडली. त्या काळी बँक म्हणजे जाडजूड खांब आणि गजाआडचा कॅशियर. यानं गजच काढून टाकले आणि भिंतींच्या जागी काच लावली! आता तिथे कमिन्सचं कॉन्फरन्स सेंटर आहे. भाऊ तिथे मीटिंगला जातो, पण वर मान करून छत त्याने माझ्यासोबतच पहिल्यांदा पाहिलं.

हे सगळं वेड कंपनीचे सर्वेसर्वा जे. अर्विन मिलर यांचं. युद्धानंतर गावात मुलं वाढली, शाळा कमी पडायला लागल्या. तेव्हा 1950च्या दशकात मिलर यांनी ऑफर दिली: आमच्या यादीतला आर्किटेक्ट निवडा, त्याची फी कमिन्स फाउंडेशन भरेल. शाळांमागून फायर स्टेशनंही आली. यात हिशेबही होता. चांगले इंजिनिअर या आडगावात यावेत आणि टिकावेत. (आपल्याकडे त्यासाठी फार तर कॅन्टीनचा मेनू बदलतात, असो.)

पण फी एकदाच द्यायची असते, गळकं छप्पर मात्र जन्माचं. त्या 166 फुटी टॉवरच्या दुरुस्तीसाठी लाखो डॉलर जमवावे लागले. ईरोचं 192 फुटी सुळक्याचं नॉर्थ ख्रिश्चन चर्च 1964चं. ते पूर्ण झालेलं बघायलाही तो नव्हता, 1961 मध्येच गेला. तिथली मंडळी कमी होत गेली आणि 2022 मध्ये शेवटची प्रार्थना झाली. इमारत पुढे गावच्या सार्वजनिक लायब्ररीकडे गेली.

त्या लायब्ररीची मूळ इमारत आय. एम. पेईची, 1969ची. समोरच्या चौकात हेन्री मूरची ब्राँझची भलीमोठी कमान. आम्ही पोचलो तेव्हा दोन पोरं तिच्याखाली पकडापकडी खेळत होती आणि त्यांची आई पुस्तकांची पिशवी सांभाळत ओरडत होती.