भरायचा नट आधी

रविवार, ८ सप्टेंबर २०२४

काल गणपती बसले. आज आरती उरकून जिप्सीखाली पोतं अंथरलं आणि आत शिरलो. सोमवारपासून मनात रुखरुख होती. त्या दिवशी पोळा. आदल्या रात्रभर पाऊस कोसळला होता. पहाटे सालगड्याचा फोन आला : आखाड्यावर पाणी चढायलंय, ओढा भरलाय. अठरा किलोमीटर गाडी दामटली आणि तशीच ओढ्यात घातली. पाणी दाराच्या पट्टीला लागलं. दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेत माणसं आणि लेकरं, दुसऱ्या खेपेत मागच्या हौद्यात वासरू. बैल दुपारी पाणी उतरल्यावर आपल्या पायांनी आले. त्या पोळ्याला त्यांच्या अंगावर झूल नव्हती, चिखलच होता.

जिप्सीत गिअरचं तेल चार ठिकाणी असतं. गिअरबॉक्समध्ये १.३ लिटर. त्याच्यामागे वेगळा बसवलेला ट्रान्सफर केस, त्यात ०.८ लिटर. पुढच्या दोन चाकांमधल्या हाउसिंगमध्ये २ लिटर, मागच्यात दीड. सगळं मिळून ५.६ लिटर. इंजिन ऑइलची काडी ओढून आपण ढीगवेळा बघतो, पण या चौघांना काडीच नाही. बाजूला एक नट असतो. तो खोलायचा, बोट घालायचं, तेल बोटाला लागलं की बरोबर.

मागच्या हाउसिंगचा नट खोलून बोट घातलं. बाहेर काढलं तर दुधाचा चहा! गिअर ऑइल मधासारखं दिसायला हवं. पांढरट झालं म्हणजे आत पाणी गेलंय. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस उंचावर असतात, त्यांचं तेल जुनं दिसलं, पण पांढरं नाही.

पुढच्या हाउसिंगचा नट हललाच नाही. पाना घसरला. टॉर्च लावून पाहिलं तर नटाच्या कडा आधीच कुणीतरी गोल करून ठेवलेल्या. ही गाडी लष्कराच्या लिलावातून हात बदलत माझ्याकडे आली आहे. नट आणि हाउसिंग यांच्या सांध्यावरून लष्करी हिरवा रंग अजून सलग होता. एक चीरही नाही. दोन वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका गॅरेजात ‘चारही ऑइल बदलले’ असं बिल मी फेडलं होतं. सांध्यावरचा रंग म्हणतो, हा नट लष्करानंतर कुणी उघडलेलाच नाही.

सोमवार, ९ सप्टेंबर

सकाळच्या पॅसेंजरने नांदेड. दुकानात ‘नव्वद नंबरचं ऑइल’ म्हटलं की डबा समोर येतो, पण विचारायची गोष्ट त्यापुढची आहे. नव्वद हा तेलाचा दाटपणा झाला. डब्यावर जीएल-४ लिहिलंय की जीएल-५, ते बघायचं.

हाउसिंगमध्ये क्राउन आणि पिनियनचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. तिथे दाब इतका की साधं तेल मधून पिळून निघतं. म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त. ती पोलादावर पातळ थर धरते. दातांऐवजी तो थर झिजतो आणि पुन्हा तयार होतो. गिअर ऑइलला जो उग्र वास येतो, तो या गंधकाचा. पण गिअरबॉक्समध्ये गिअर जुळवायला पितळी रिंगा असतात आणि हेच गंधक पितळेला खाऊ शकतं. म्हणून तिथे जीएल-४. एका जागी जे औषध, ते दुसऱ्या जागी बाधतं.

जीएल-४ चे दोन लिटर, जीएल-५ चे पाच. वर आतून धुवायला स्वस्तातलं साधं नव्वद तीन लिटर. नट बसवताना लागतील म्हणून वायसर.

मंगळवार, १० सप्टेंबर

महालक्ष्म्या आल्या. घरात रांगोळीची पावलं, दारात हात काळे झालेला मी. माय म्हणाली, “आज तरी त्या गाडीखालून निघ. लक्ष्म्या आत यायल्यात आन् तू वाटंत आडवा!”

मी निघालो नाही, कारण शेजारचे काका आले. रेल्वेत फिटर होते, मीटरगेजच्या काळातले. आमच्या पूर्णेत वाफेच्या इंजिनांचं शेड होतं तेव्हा निम्म्या गावाच्या कपड्यांना कोळशाचा वास यायचा म्हणतात. आता सगळी लाइन मोठी झाली, अकोल्याकडचीही २००८ साली. काकांची नजर मात्र अजून चाकांवरच जाते. त्यांनी आधी विचारलं, “खालचा नट खोललास का?”

“नाही.”

“बरं केलंस. भरायचा आधी, सोडायचा मग. सगळं तेल सोडून बसलास आन् वरचा नट उघडलाच नाही, तर गाडी जागची हलत नाही. मग बस मेकॅनिकची वाट बघत.”

मागच्या हाउसिंगचा भरायचा नट उघडलेला होताच. एरवी तेल सोडण्याआधी गाडी थोडी फिरवून आणतात. गरम तेल झरझर उतरतं, तळाचा गाळही घेऊन येतं. काका म्हणाले, आज नको. गाडी आठ दिवस उभी आहे, पाणी तेलापेक्षा जड, जे मिसळलं नाही ते तळाला बसलं असेल. खालचा नट त्यांनी पाऊणच फेरा ढिला केला. कडेनं थेंब आले. काळे नाहीत, पांढरे नाहीत, स्वच्छ पाण्याचे थेंब. पितळी वाटी धरली, पाव वाटी भरली. ओढ्याचंच पाणी, आठ दिवसांपूर्वीचं. मग तो चहा आला, सायीसकट.

नटाच्या टोकाला लोहचुंबक आहे. त्यावर करडा लेप होता. काकांनी तो अंगठा आणि बोट यांच्यात चोळला. “लोण्यासारखा लागतोय, म्हणजे झीज. वयाची. कच्च लागलं असतं, तुकडा लागला असता, तर दात गेला समजायचं.”

साधं नव्वद ओतून गाडी गल्लीत दोन चकरा फिरवली, ते सोडलं, मग जीएल-५ भरलं. भरायला नळी लावून डबा वर धरावा लागतो. तेल काकवीसारखं, सावकाश येतं. दीड लिटर मोजून ओतलं तसं भोकातून बारीक धार लागली. धार थांबली की नट बसवायचा. मापाचं भांडं ते भोकच आहे.

बुधवार, ११ सप्टेंबर

महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. पुण्याहून भाचा आलाय. त्याच्या नव्या गाडीत चारही चाकांना ताकद आपोआप जाते. माझ्या गाडीत एक दांडा ओढावा लागतो. ओढला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, मधे ढील नाही. चिखलात ते बरं, कोरड्या डांबरावर वाईट. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. ती तफावत कुठेतरी निघावी लागते, ती दातांवर आणि टायरवर निघते. भाच्याच्या गाडीत मधे क्लचसारखी कप्लिंग आहे. संगणक बघतो, मागच्या चाकांना किती द्यायचं ते ठरवतो.

“तुझ्या मागच्या हाउसिंगचं तेल कधी बदललं?” मी विचारलं.

“मामा, त्याला लागत नाही. लाइफटाइम आहे.”

“कुणाच्या लाइफचं?”

पुस्तिका काढून वाचत बसला. पाण्यातून, चिखलातून चालवली तर मुदतीआधी तपासा, असं बारीक अक्षरात होतं. कप्लिंगचं तेल वेगळं, हाउसिंगचं वेगळं, एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही. चेहरा जरा उतरला. आंबील दोनदा घेतली तेव्हा कुठे सावरला.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

काल लक्ष्म्या गेल्या. आज पुढचा नट.

चार दिवस त्यावर डिझेल चोळत होतो, हातोडीचे हलके ठोके देत होतो. गोटी पाना बसत नव्हता, पाइप रिंच घसरत होता. शेवटी ट्रॅक्टरचं काम करणाऱ्या वेल्डरला बोलावलं. त्याने बॅटरीच्या वायरी काढायला लावल्या, हाउसिंगवरची ग्रीस आणि माती खरवडली, दोन पोती भिजवून शेजारी ठेवली. मग झिजलेल्या नटाच्या डोक्यावर दुसरा मोठा नट ठेवून त्याच्या भोकातून आत वेल्डिंग भरलं. चरचर झाली, जळक्या तेलाचा धूर आला. लाल रंग उतरेपर्यंत तो विडी ओढत बसला. त्यानंतर मोठा पाना लावला, टॉमीत पाइप घातला, एकच झटका.

कट्ट. हिरव्या रंगाची पापडी उडाली.

मला वाटलं होतं, नवीन नटाला धरायला जागा मिळते म्हणून तो फिरतो. वेल्डर म्हणाला तसं नाही : “पकड अर्धं काम करती. बाकीचं काम तापल्यानं होतं. तापला की गंज सोडतो.”

आतून मागच्यासारखाच पांढरट चहा, फक्त जास्त शिळा. दोन लिटरची जागा असताना जेमतेम सव्वा निघालं. उरलेलं कुठे गेलं ते चाकाजवळ दिसलं. आतलं सील थकलंय, तेल झिरपून चाकाच्या गोलाकार गाठीत उतरलं आणि तिथलं ग्रीस पातळ करून बसलं. सील दिवाळीनंतर बदलीन. आज धुवून दोन लिटर भरलं. भरायचा नट नवा आणून ठेवला होता, तो लावला. जुना, डोक्यावर डोकं असलेला, खिडकीत ठेवलाय.

रविवार, १५ सप्टेंबर

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस. दोन्ही तासाभरात झाले, लिहिण्यासारखं काही नाही. सरळ काम असंच असतं.

दुपारी भाच्याने ब्रीदर काढले. हाउसिंगला श्वास घ्यायला एक छोटी टोपी असते. दोन्ही काळ्या मातीने चोंदलेल्या. पाणी आत कसं शिरलं ते आता कळलं. रस्त्यावर पळून हाउसिंग तापतं, आतली हवा फुगते. तसंच ओढ्याच्या थंड पाण्यात बुडलं की हवा आकसते आणि बाहेरून ओढायला लागते. श्वासाची वाट बंद असेल तर सीलच्या ओठातून ओढते. बाहेर हवा नसते, पाणी असतं. भाच्याने नळ्या जोडून दोन्ही श्वास वर बोनेटखाली नेले.

जुनं तेल केनमध्ये भरून ठेवलंय. वाळवीसाठी लाकडाला फासायला लोक मागतात, पण आमच्या दाराच्या लाकडापासून विहीर दहा पावलांवर आहे. ते जुनं तेल घेणाऱ्याकडे जाईल.

मंगळवार, १७ सप्टेंबर

सकाळी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, संध्याकाळी विसर्जन. काका कट्ट्यावर बसून जुन्या वॅगनचं सांगत होते. चाकांच्या डब्यांत तेव्हा रोलर बेअरिंग नव्हती, तेलात भिजवलेलं सुताचं वेस्ट कोंबलेलं असायचं. तेल कमी पडलं की डबा तापायचा, ‘हॉट अ‍ॅक्सल’ व्हायचा, वॅगन गाडीतून काढावी लागायची. गाडी आली की हे फिटर लोक डब्यांवर हात लावत निघायचे. “तळहात नाही,” काका म्हणाले, “उलटा हात. कातडी पातळ असती, लवकर कळतं. आन् चटका बसला तरी दुसऱ्या दिवशी पाना धरता येतो.”

रविवार, २२ सप्टेंबर

दोनेकशे किलोमीटर झाले. दोन्ही हाउसिंगमध्ये पुन्हा बोट घातलं. मागचं मधासारखं. पुढचं मात्र पुन्हा किंचित धुरकट. एका धुण्यात सगळं पाणी जात नाही, ते कानाकोपऱ्यांत बसून राहतं आणि गाडी तापली की बाहेर येतं. पुन्हा सोडलं, पुन्हा दोन लिटर भरलं. यासाठी शुक्रवारी भाच्याला नांदेडहून डबे आणायला लावले होते. बोनेटच्या आतल्या बाजूला खडूने तारीख आणि किलोमीटर लिहिले, चौघांचे चार.

गॅरेजवाल्याला ते बिल दाखवून भांडावं, असं दोन-तीनदा मनात आलं. मग वाटलं, मी तरी पैसे देताना खाली वाकून कुठे पाहिलं होतं?

रविवार, २९ सप्टेंबर

आखाड्यावर जायचं होतं. सोयाबीनचं जे उरलंय ते बघायला. ओढ्याला अजून गुडघाभर पाणी आहे.

काठावर गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. खाली उतरून मागच्या हाउसिंगला हात लावला. उलटा. कढत होतं, हात ठेववत नव्हता. बांधावर बसलो. मागून एक ट्रॅक्टर आला, त्याने हॉर्न दिला, मग शेजारून पाण्यात घुसून पलीकडे गेलासुद्धा. वर चढताना त्याने वळून पाहिलं : बंद पडली का?

“नाही, निवायलीय!” मी ओरडलो. त्याला ऐकू गेलं नसावं.

पंधरा मिनिटांनी पुन्हा हात लावला. कोमट. मग दांडा ओढला आणि पाण्यात गेलो.