वार्निशच्या आधी

चि. गार्गी,

फोटो पोचले. मामीने आधी उघडले आणि स्वयंपाकघरातूनच हाक मारली, "अहो, गार्गीने बोट घेतली!" जेवणं उरकून ते मोठे करून बघत बसलो, तो मध्यरात्र उलटली तरी उठवेना. मर्क्युरीचं मार्क २०-एच इंजिन, आणि तेही मूळच्या क्विकसिल्व्हर खालच्या भागासकट! कुणाच्या गोदामात इतकी वर्षं पडून होतं कोण जाणे. फोनवर सांगून समाधान झालं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

पण फोटोंखाली तुझं ते वाक्य वाचलं आणि झोप गेली ती गेलीच. "येत्या उन्हाळ्यात हीच बोट घेऊन शर्यतीत उतरणार, वार्निश कोणतं लावू तेवढं सांग." वार्निशचं सांगेन गं, पण आधी डाव्या स्पॉन्सनचा फोटो पुन्हा काढून बघ. स्क्रूंच्या डोक्यांभोवती काळसर वर्तुळं दिसतायत ना? ते स्क्रू ब्राँझचे नाहीत, लोखंडी आहेत, आणि आतून गंजलेत. गंजलेल्या स्क्रूभोवतीचं लाकूड भुसभुशीत होतं. वरून तू चार हात वार्निश चढवलंस तर ती वर्तुळं झाकली जातील, आणि मग ती कुणालाच दिसणार नाहीत, तुलासुद्धा. बोटाच्या पेराने सगळा तळ ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण कर. मागच्या फळीत, इंजिनाच्या पकडी बसतात त्या जागी, टोच्या दाबून बघ. विनासायास आत शिरला, तर पुढचं मी सांगायला नको. इंजिनिअर मुलगी तू, पुलांचे हिशेब करतेस, आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या ग्लूवर गुडघे टेकून बसायला निघालीस?

ही बोट काही पाण्यावर तरंगत धावत नाही. वेग धरला की पुढे दोन्ही बाजूंना बाहेर आलेले दोन स्पॉन्सन आणि मागे पंख्याची अर्धी पाती, एवढंच पाण्याला लागतं. बाकीचं अंग खाली कोंडलेल्या हवेवर चालतं. म्हणून तर एवढ्याशा दोन सिलिंडरच्या, वीस घनइंची इंजिनावर ती ताशी पन्नास मैलांच्या पुढे जाते. पण त्या वेगाला पाणी मऊ राहत नाही. बारीक लाटसुद्धा स्पॉन्सनवर हातोडीसारखी बसते. तळाचं प्लाय एका कोपऱ्यात उचललं की पाणी आत घुसतं, नाक खाली जातं, आणि गुडघ्यावर बसलेला माणूस सुकाणूवरून पुढे फेकला जातो. उलट नाक जास्त उचललं तर तीच हवा बोट मागे उलथवते. तू विनेबेगो तळ्याच्या काठावर माझ्या शेजारी उभी होतीस तेव्हा काय पाहिलंस ते तुला आठवतच असेल. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

माझं म्हणणं एकच, आणि ते मी तुझ्या मामीला, शेजाऱ्यांना, ऐकेल त्याला सांगत आलोय. इंजिन जुनं चालवावं, बोट नवी बांधावी. ही जी जुनी बोट हाती आलीय तिची मापं घे. प्रत्येक फासळीचा कागदी साचा काढ, स्पॉन्सनचा कोन मोजून लिहून ठेव, आणि तिच्यावरून दुसरी बांध. जुनी कोरडी राहू दे. यात जुन्याचा अपमान वगैरे काही नाही. पन्नासच्या दशकात या बोटी पळवणाऱ्यांनी लाकडाला कधी देव्हाऱ्यात बसवलं नाही. फुटली की पुढची बांधायची, हाच रिवाज. हा सगळा नादच मुळी घरच्या गॅरेजात वाढला. सायन्स अँड मेकॅनिक्ससारख्या मासिकांत नकाशे छापून येत. हॅल केली फळी न् फळी समजावून सांगायचा. विल्यम जॅक्सनची मिनीमॅक्स तर जेमतेम आठ फुटांची, शाळकरी पोरांनी प्लायवूड आणून बांधलेली. पैसेवाल्यांच्या महोगनीच्या लाँचशी याचा काही संबंध नव्हता. आता तीच इंजिनं लोक पॉलिश करून दिवाणखान्यात स्टँडवर ठेवतात, ते मला बघवत नाही. मर्क्युरीच्या किकहेफरने ती दिवाणखान्यासाठी केली नव्हती. इथे मिलवॉकीत ओल एव्हिनरूडने १९०९ मध्ये इंजिनं विकायला काढली आणि त्याच्या बायकोने, बेसने, जाहिराती आणि हिशेब सांभाळले, तेही साध्या माणसाच्या वल्ह्याच्या होडीमागे लावायलाच. पळवायची वस्तू पळवलीच पाहिजे. म्हणूनच तिच्याखाली धड लाकूड पाहिजे.

आणि तू राहतेस कुठे! १९५८ मध्ये ह्यूबर्ट एन्ट्रॉपने मर्क्युरीच्या इंजिनावर ताशी १०७ मैलांचा विक्रम केला, तो तुझ्याच लेक वॉशिंग्टनवर. केनमोरला त्या तळ्यात मिळणारी सॅमामिश नदी तू रोज पुलावरून ओलांडतेस. तिच्या अरुंद वळणांतून या बोटींच्या शर्यती व्हायच्या. बोटी काठावर चढत, झाडांत घुसत, आणि माणसं तरीही काठाला खेटून उभी. १९७६ नंतर ती शर्यत झाली नाही. बरंच झालं म्हणतो मी, जरी एकदा तरी बघायला मिळाली असती तर जन्माचं सार्थक वाटलं असतं.

कुणीतरी तुला मिथेनॉल घालायला सांगतंय म्हणे. मुळीच ऐकू नकोस. मिथेनॉलमध्ये एरंडेल मिसळतं, पेट्रोलमध्ये नीट मिसळत नाही, म्हणून अल्कोहोलवाल्यांच्या इंजिनांना तो वास असतो. तो वास आला की मला अजून भरून येतं, लहानपणी आईने चमच्याने पाजलेल्या एरंडेलासकट. पण मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, एरंडेल आत चिकट थर धरतं, आणि शर्यत झाली की त्याच संध्याकाळी सगळं धुऊन काढावं लागतं. तुझ्या नोकरीत ते जमणार नाही. तुझं इंजिन स्टॉक आहे, त्याला पेट्रोल आणि साधं तेल घाल. आणि त्या क्विकसिल्व्हरला पाण्याचा पंप नाही, पाणी वेगानेच वर चढतं. तेव्हा अंगणात स्टँडवर लावून शेजाऱ्यांना आवाज ऐकवत बसू नकोस. आपलं सी-हॉर्स इंजिन तसं कोरडं चालवल्यावर त्याचं काय झालं ते तळघरात तू पाहिलंयस. मामी अजून तो विषय काढू देत नाही.

वार्निश पॉलियुरेथेनचं घेऊ नकोस, चांगलं मरीन वार्निश घे, आणि ते नव्या बोटीला लाव. एप्रिलमध्ये मी आठ दिवस येतो, फासळ्या आपण दोघं मिळून कापू. तुझ्या आईला मी हे कळवलेलं नाही. तिला काय सांगायचं ते तूच ठरव, पण सांग.

एक राहिलंच. शेवटच्या फोटोत तू गुडघ्यावर बसलीयस, हेल्मेट आहे, जॅकेट आहे, आणि इंजिन बंद करणारी दोरी सुकाणूला गुंडाळलेली आहे. ती अंगाला बांधायची असते, गार्गी. तू बाहेर फेकली गेलीस तर दोरी तुझ्याबरोबर निघून इंजिन थांबलं पाहिजे, एवढ्यासाठीच ती आहे. थ्रॉटल सोडला की वेग उतरतो खरा, पण तो अडकला तर? शिवाय या इंजिनाला न्यूट्रल नाही, सुरू करायची दोरी ओढली की बोट निघालीच. तेव्हा पाण्यात उभं राहून मागून बोट धरायला तुझ्याबरोबर कोण असतं? फोटो काढणारा तोच का? त्याचा फोन नंबर मला पाठव, मी रविवारी त्याच्याशी बोलतो.

तुझा,
मामा